जामखेडात डॉक्टरला कोण शिकवतं?

सकाळी साडेआठच्या सुमाराला वैद्यकीय महाविद्यालयाच्या कोणत्याही रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात उभं राहावं. एकाच खाटेभोवती तऱ्हेतऱ्हेचे विद्यार्थी आळीपाळीने येऊन जाताना दिसतात. खाटेवर समजा पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार आहे; मधुमेह जुना, पायाची जखम भरत नाही. आधी नर्सिंगची विद्यार्थिनी येऊन ताप, नाडी, रक्तदाब टिपून जाते. मग एमबीबीएसची सात-आठ जणांची बॅच येते आणि रीतसर ‘केस घेते’. दुपारी फिजिओथेरपीचा मुलगा चालण्याचा व्यायाम सांगतो. समाजकार्याची विद्यार्थिनी एखाद्या वेळी सरकारी योजनेचा कागद भरून नेते. प्रत्येकाच्या हातात वेगळं लॉगबुक, प्रत्येकाचा प्रश्न तोच: “मामा, शुगर कधीपासून आहे?” मामा चारदा तेच उत्तर देतात. या चौघांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतात.

आणखी दोन-तीन वर्षांनी यांतलेच काही जण एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकाच छताखाली काम करणार असतात. तिथे एकाने दुसऱ्याचं ऐकायचं असतं, दुसऱ्याच्या नोंदीवर विसंबून निर्णय घ्यायचा असतो. पण ज्या वयात ‘मी कोण’ हे ठरतं, त्या वयात त्यांना एकमेकांपासून लांब ठेवण्याची चोख व्यवस्था आपण केलेली आहे. कॉलेज वेगळं, वसतिगृह वेगळं, परीक्षा वेगळी, दिल्लीतलं नियामक मंडळही वेगळं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली १९९८ पासून वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी असं सगळं आहे. पण विद्यापीठ एक झालं म्हणून वर्ग एक झाला नाही.

‘मी डॉक्टर आहे’ ही जाणीव नेमकी कधी येते, यावर समाजशास्त्रज्ञांनी बरंच डोकं खाजवलं आहे. १९५७ मध्ये रॉबर्ट मर्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर ‘द स्टुडंट फिजिशियन’ हे पुस्तक संपादित केलं. त्यांच्या मते विद्यार्थी हा धाकटा सहकारी. तो हळूहळू व्यवसायाची मूल्यं अंगी बाणवत जातो. चार वर्षांनी हॉवर्ड बेकर आणि मंडळींनी कॅन्सस विद्यापीठातल्या मुलांमध्ये राहून ‘बॉईज इन व्हाइट’ लिहिलं आणि या गोड चित्राला तडा दिला. त्यांना दिसलेली मुलं मूल्यंबिल्यं बाजूला ठेवून परीक्षेत काय येईल आणि सरांना काय आवडतं याचा अंदाज घेण्यात गुंतली होती. आपल्याकडच्या वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही बेकर अधिक पटेल. तरीही दोघांचं एका बाबतीत एकमत होतं: व्यवसायाची ओळख पाठ्यपुस्तकातून येत नाही. ती येते कुणाबरोबर उठता-बसता, कुणाची बोलणी खाता आणि कुणाला आपली बोलणी ऐकवू शकता, यातून.

आपल्याकडे तर ती कॉलेजात पाय ठेवण्याआधीच चिकटते. एमबीबीएसला नंबर लागला की निकालाच्या संध्याकाळीच पोरगं गल्लीत ‘डॉक्टर’ होतं. नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून ‘सिस्टर’ होतात. हे बाहेरून मिळालेलं नाव आतून भरून काढायला बहुतेकांना एक सोपी युक्ती सापडते: आपण काय नाही, हे ठरवायचं. मी नर्स नाही. मी नुसता मालिशवाला नाही. मी बीएएमएस नाही. मी ‘फक्त एमबीबीएस’ राहणार नाही. सारा हीन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंग्लंडमधल्या आरोग्य-अभ्यासक्रमांच्या नवागत विद्यार्थ्यांना एकमेकांच्या व्यवसायांबद्दल विचारलं. शिक्षणाचा पहिला धडा गिरवण्यापूर्वीच मुलांच्या मनात साचे तयार होते. डॉक्टर म्हणजे हुशार, नेतृत्व करणारा. परिचारिका आणि समाजकार्यकर्ते म्हणजे माणसांशी चांगलं बोलणारे, सगळ्यांना धरून राहणारे. साचे घरून आणलेले असतात, कॉलेज त्यांना फक्त भाजून पक्कं करतं.

पुढे वॉर्डात त्याचं काय होतं, हे लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ मध्ये एका छोट्या लेखात लिहिलं. त्याने त्याला डॉक्टर आणि नर्सचा खेळ म्हटलं. नर्सला काय करायला हवं ते कळलेलं असतं, पण तिने ते सुचवल्यासारखं दिसू द्यायचं नाही. डॉक्टरला सल्ला हवा असतो, पण त्याने तो मागितल्यासारखं दिसू द्यायचं नाही. आपल्याकडे रात्री दोन वाजता हा खेळ कसा रंगतो ते पाहा. “सर, सात नंबरला लघवी कमी झालीय. सर, संध्याकाळचं इंजेक्शन झालं होतं, ते रिपीट… नाही, तुम्ही बघून सांगा सर.” नवखा इंटर्न शहाणा असेल तर म्हणतो, “हो सिस्टर, तेच सांगणार होतो.” दोघांची लाज राखली जाते. इंटर्न शहाणा नसेल, तर सात नंबरची पंचाईत.

हा खेळ मोडायचा तर दोघांना नोकरीत शिरण्याआधी एकत्र घडवलं पाहिजे, ही कल्पना युरोपात रुजली. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाने १९८६ पासून आरोग्याच्या निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांचा काही अभ्यासक्रम एकत्र केला. १९९६ मध्ये तिथे एक पाऊल पुढे टाकलं गेलं. रुग्णालयातला अस्थिरोगाचा एक छोटा वॉर्ड वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांच्या गटाकडे दोन आठवडे चालवायला दिला गेला. शिक्षक मागे उभे, निर्णय विद्यार्थ्यांच्या चर्चेतून. भावी डॉक्टर रुग्णाला अंघोळ घालायलाही जायचा, कारण त्या वॉर्डात अंघोळ हे सगळ्यांचंच काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ च्या अहवालात आणि पुन्हा २०१० च्या आराखड्यात या पद्धतीची शिफारस केली. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, तेव्हाच ते सहशिक्षण, असा तिचा आग्रह आहे. तिन्हींतलं ‘एकमेकांकडून’ हे सगळ्यात अवघड. एका सभागृहात शेजारी बसून एकच व्याख्यान ऐकलं, तर त्यात कुणी कुणाकडून काही घेत नाही.

स्वीडनचं उदाहरण चांगलं आहे, पण अहिल्यानगर जिल्ह्याला त्यासाठी स्वीडनकडे पाहण्याची गरज नव्हती. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बीडच्या सीमेवर, जामखेड तालुक्यात १९७० पासून हाच प्रयोग चालू होता. तिथे एकत्र आणायची माणसं स्वीडनपेक्षा कितीतरी जास्त लांबच्या टोकांवर उभी होती.

डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे याच जिल्ह्यातले, राहुरीचे. डॉ. मेबल इमॅन्युएल जबलपूरच्या, ग्रीक शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या कन्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भेटली, १९६० मध्ये लग्न झालं आणि ती नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात रुजू झाली. तिथे दिवसरात्र काम होतं, हाताला यश होतं, लोक दुवा देत होते. एका तरुण डॉक्टर जोडप्याला स्वतःविषयी चांगलं वाटायला एवढं पुष्कळ असतं. पण जुलाबाने सुकलेलं जे पोर सलाइन लावून वाचवून घरी पाठवावं, ते काही महिन्यांनी पुन्हा तसंच यायचं, किंवा येतच नसे. रुग्णालयात कितीही राबलं तरी गावातलं आजारपण जागचं हलत नव्हतं.

पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघं अमेरिकेला गेली, तिथे प्रत्यक्ष रुग्णालयांत काम केलं आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकली. १९७० मध्ये परत आली ती सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आराखडा घेऊनच. जामखेड निवडलं ते दुष्काळी, गरीब आणि डॉक्टर नसलेलं म्हणून. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये तिथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती.

इथवरची गोष्ट अनेक सेवाभावी डॉक्टरांची असते. जामखेड वेगळं ठरलं ते पुढच्या फजितीमुळे. आरोळेंचा मूळ बेत असा होता की गावोगावी प्रशिक्षित सहायक परिचारिका, म्हणजे एएनएम, राहतील आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांचा फिरता चमू येईल. कागदावर हे निर्दोष होतं. गावात ते टिकेना. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी असुरक्षित. गावच्या बायांना तिची भाषा परकी, तिचा नीटनेटका गणवेश परका, आणि बाळंतपणातलं तिचं ज्ञान पुस्तकी. लोक तिच्याकडून गोळी घ्यायचे, सल्ला घ्यायचे नाहीत. मग विचार उलटा फिरला: गावातलीच बाई का नको? गावाने निवडलेली, लेकुरवाळी, लिहिता-वाचता न येणारी असली तरी चालेल. अशा बाया गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून आल्या. त्यांतल्या कित्येक दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या.

दर आठवड्याला या बाया जामखेडला येत. दिवसभर शिकत, एकत्र जेवत, रात्री एकत्र झोपत आणि सकाळी आपापल्या गावी परतत. हे वाक्य आज साधं वाटतं. १९७० च्या दशकातल्या जामखेड तालुक्यात मराठा घरची बाई आणि मांग किंवा महार घरची बाई एका पंगतीला बसून एका खोलीत निजणं ही लहान गोष्ट नव्हती. गर्भवतीची तपासणी, बाळाचं वजन, जुलाबात साखर-मिठाचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, खोकल्यावरून क्षयाचा संशय घेणं, या विषयांइतकाच ‘आपण कोण’ हा विषयही तिथे शिकवला जात होता. फक्त त्याचा तास लावलेला नव्हता. ज्या बाईला स्वतःचं नाव विचारलं तर पदर तोंडाशी जायचा, ती वर्षा-दोन वर्षांत सरपंचासमोर उभी राहून गटाराचं बोलू लागली.

या बदलाचं गमक मानसशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात सापडतं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’मध्ये मांडलं की दोन गटांतला पूर्वग्रह नुसत्या भेटीगाठींनी कमी होत नाही, उलट वाढूही शकतो. तो कमी व्हायला चार गोष्टी लागतात: भेटीपुरता तरी समान दर्जा, दोघांचं एकच उद्दिष्ट, ते गाठायला एकमेकांची गरज आणि वरच्या अधिकाऱ्याचा या सगळ्याला उघड पाठिंबा. ऑलपोर्टपुढे अमेरिकेतला वर्णभेद होता. जामखेडपुढे जातिभेद होता. आरोग्य महाविद्यालयात पुढे पदवी असते. तिन्हीकडे यंत्रणा एकच.

आरोळे दांपत्याने ही यंत्रणा गावात आधी राबवली. गावात शिरल्यावर पहिल्यांदा दवाखाना मांडला नाही. संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आळींतली पोरं उतरली आणि त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. कूपनलिका पाडायच्या झाल्या तेव्हा पाण्याच्या जागा शक्यतो दलित वस्तीत धरल्या गेल्या, म्हणजे पाणी हवं तर वरच्या आळीला तिकडेच यावं लागेल. यातला खट्याळपणा लक्षात घेण्याजोगा आहे. उपदेश केला असता तर लोकांनी मान डोलावून घरचं पाणी भरलं असतं.

मग तेच फिरत्या चमूत. गावोगाव जाणाऱ्या गाडीत डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ता, निमवैद्यकीय कर्मचारी आणि चालक असे सगळे असत. गावात उतरल्यावर चमू आधी त्या गावच्या कार्यकर्तीकडे जायचा. कुठल्या घरात ताप आहे, कुणाची पाळी चुकली, कोण गोळ्या सोडून बसलाय, हे सांगणारी ती. गाडीतून आलेल्या पदवीधरांना तिच्या मागून चालावं लागायचं, अगदी शब्दशः. वहीत न मावणारी माहिती तिच्या डोक्यात असायची.

डॉक्टर घडण्याच्या दृष्टीने जामखेडचा खरा धडा हाच. नवा डॉक्टर किंवा नवी परिचारिका तिथे गेली की तिला ‘एकमेकांकडून’ शिकण्याचा अर्थ कळायचा, आणि पहिला ‘एकमेक’ ही एक अंगठाबहाद्दर बाई असायची. इथे रागावणं शक्य होतं. काही जण रागावलेही असणार. कारण ज्ञान आपल्याकडेच आहे, हीच तर डॉक्टरपणाची सगळ्यात भक्कम वीट. ती काढून घेतली तर उरतं काय? जामखेडचं उत्तर असं की बरंच उरतं. अडलेल्या बाळंतिणीचं पोट डॉक्टरच उघडत होता. अवघड निदान डॉक्टरच करत होता. चाळीसेक खाटांचं रुग्णालय होतं आणि तिथली शस्त्रक्रिया कुणी कार्यकर्ती करत नव्हती. पण अडण्याची वेळ येण्याआधीच बाईला जामखेडला पाठवायचं, हा निर्णय गावात व्हायचा, आणि तो डॉक्टरच्या हातात नव्हता. आपलं काम दुसऱ्याच्या निर्णयावर उभं आहे हे ज्याला एकदा दिसलं, त्याचा डॉक्टरपणा लहान होत नाही; त्याला कडा येतात. मी कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कळतं.

जीन लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याविषयी एक सिद्धान्त मांडला. वैद्यकीय शिक्षणात हल्ली त्याचा सारखा उल्लेख होतो. नवखा माणूस एखाद्या कामकरी समूहाच्या कडेला शिरतो, आधी किरकोळ पण खरं काम करतो, आणि कडेकडून मध्याकडे सरकता सरकता त्या समूहाचा होतो. शिकणं आणि ‘कुणीतरी होणं’ ही एकच क्रिया. त्यांच्या उदाहरणांत लायबेरियाचे शिंपी होते, तशा मेक्सिकोतल्या युकातानच्या सुईणीही होत्या. आजीच्या मागे फिरता फिरता नात सुईण होते, कधी झाली ते तिलाही सांगता येत नाही. एमबीबीएसच्या मुलाला हे वाचून दाखवावं आणि विचारावं, तू कुणाच्या कडेला उभा आहेस? तो प्रामाणिक असेल तर म्हणेल, सरांच्या राऊंडच्या. त्या समूहात नर्स फाइल धरून उभी असते, बोलत नाही. मुलगा तेही शिकतो.

जामखेडचं नाव सर्वत्र झालं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात त्यावर प्रकरण होतं; तीन वर्षांनी अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जामखेडच्या कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ बोलल्या. सभागृहातले झगझगीत दिवे दाखवून त्या म्हणाल्या की हे दिवे सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि त्यांना वीज लागते. आम्ही वातीच्या पणत्या, एकीवरून दुसरी लागते. डॉक्टर आणि कार्यकर्ती यांच्यातलं नातं त्यांनी कुठल्याही प्राध्यापकापेक्षा थोडक्यात सांगितलं. २००८ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जवळके गावच्या सरूबाई साळवे यांच्या रोजच्या फेरीवर मोठा लेख छापला.

प्रकल्पाने १९९२ मध्ये प्रशिक्षण संस्था सुरू केली. परदेशी विद्यापीठांतून वैद्यक, नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं जामखेडला येऊ लागली. मेबलबाईंच्या नावाने अमेरिकन तरुणांसाठी एक पाठ्यवृत्तीही निघाली. ही मुलं वर्गात बसतात तेव्हा समोर बोलायला उभ्या राहणाऱ्यांत गावच्या कार्यकर्त्या असतात, मराठीतून, मध्ये दुभाषी. त्यानंतर गावात जाणं, तिच्याबरोबर घरोघर फिरणं. कृत्रिम पाय बनवणारी कार्यशाळा पाहायला मिळते, जिथले कारागीर इथेच शिकलेले आहेत. कुष्ठरोग्यांसाठी वेगळा दवाखाना जामखेडने मुद्दाम काढला नाही. ते इतर रुग्णांच्या रांगेतच बसत. हे सगळं पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न पडतोच: मग माझी इथे गरज काय? ज्या शिक्षणात हा प्रश्न एकदाही पडत नाही, ते शिक्षण अर्धं समजावं.

महाराष्ट्रात असे प्रयत्न आणखीही झाले. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत १९६९ पासून नव्या बॅचला आश्रमात राहावं लागतं, पुढे ती बॅच एखाद्या गावाशी जोडली जाते आणि मुलं गावातच शिबिराला राहतात. केंद्र सरकारने १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना गावांकडे वळवण्याची योजना आणली. प्रत्येक कॉलेजने तीन विकास गट सांभाळायचे होते. त्या योजनेच्या फिरत्या गाड्या गंजल्या, असं जुने प्राध्यापक हसत सांगतात. २०१९ च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांना स्वतंत्र तास मिळाले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम सक्तीचा केला: प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली किमान तीन कुटुंबं आपली मानायची आणि त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवत राहायचं.

चांगली गोष्ट. पण यात एक विनोद दडलेला आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही सामुदायिक आरोग्याची पोस्टिंग असते, त्यातही कुटुंब निवडून फाइल करायची असते. म्हणजे एकाच गावात एकाच दारावर सोमवारी एमबीबीएसची मुलं आणि गुरुवारी नर्सिंगच्या मुली टकटक करू शकतात, आणि दोघांना दार दाखवणारी आशाताई तीच असते. घरच्या म्हातारीचा रक्तदाब दोन वह्यांत दोन वेगवेगळे आकडे घेऊन बसतो. ही टकटक एकाच दिवशी झाली आणि वही एक झाली, तर सहशिक्षणाची अर्धी लढाई विनाखर्च जिंकता येईल.

प्रत्यक्ष उपकेंद्र तर अभ्यासक्रमाच्या कितीतरी पुढे गेलं आहे. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. महाराष्ट्रात यांत बीएएमएस झालेले डॉक्टर आहेत आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिकाही. दोघांनी सहा महिन्यांचा तोच पूरक अभ्यासक्रम केलेला, दोघांचं पद तेच. त्यांच्या जोडीला आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि आशा. आयुर्वेदाची पदवी घेतलेला तरुण आणि नर्सिंगची पदवी घेतलेली तरुणी एकाच खुर्चीला पात्र ठरतात, तेव्हा ‘मी कोण’ हा प्रश्न पुस्तकातून उठून हजेरीपटावर येतो. त्याचं उत्तर शोधायला त्यांना कॉलेजात कुणी तयार केलेलं नसतं. ते रोजच्या कुरबुरीतून शोधतात. गावाचं नशीब असेल तर चांगलं उत्तर सापडतं.

एवढं सगळं करून रुग्णाला फायदा होतो का, हा प्रश्न रास्त आहे. कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा धांडोळा घेतला. त्यांच्या निकषांत बसणारे १५ अभ्यास मिळाले. सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र, चारांत काहीच नाही. निष्कर्ष सावध आहे आणि तो सावधच असायला हवा. एका दुपारची कार्यशाळा, चहा-बिस्किटं आणि गटचर्चा यांतून माणसाची व्यवसायाची ओळख बदलावी ही अपेक्षाच भाबडी. ऑलपोर्टच्या अटी आठवाव्यात: विद्यार्थ्यांना एकत्र बसवलं, पण प्राध्यापकांमध्ये नर्सिंगच्या मॅडमना मागची खुर्ची, तर मुलं काय शिकायचं ते बरोबर शिकतात.

जामखेडच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवायला हवेत. आरोळे दांपत्याचं व्यक्तिमत्त्व, वेल्लोरचं संस्कारपीठ, परदेशातून येणारी मदत हे सगळं त्यात होतं. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यांची मुलं डॉ. शोभा आणि रवी यांनी काम पुढे नेलं, म्हणून प्रकल्प एका पिढीवर संपला नाही. पण त्याची नक्कल सरकारला जमली नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा कार्यकर्ती आणली, तिच्यात जामखेडची छाया स्पष्ट आहे. मात्र कामागणिक मोबदला, नोंदींचा डोंगर आणि मानधनासाठी २०२३ मध्ये महाराष्ट्रभर करावा लागलेला संप हेही तिच्याच वाट्याला आलं. जामखेडात कार्यकर्ती डॉक्टरला शिकवत होती. सरकारी साखळीत तिला सगळे शिकवतात.

तरी बालमृत्यूचा तो आकडा, हजारी १७६, प्रकल्पाच्या नोंदींत १९९० च्या दशकात तिसाच्या खाली आला होता. त्यात रस्ते, पाणी, लसीकरण, शिक्षण सगळ्यांचा वाटा आहे आणि एकट्या शिकवण्याच्या पद्धतीला त्याचं श्रेय देणं बरोबर नाही. एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं की ज्या गावांत हे घडलं, तिथे डॉक्टर, परिचारिका आणि गावची बाई एकमेकींचं ऐकत होत्या.

अहिल्यानगर जिल्ह्यात आज माणसांची आणि इमारतींची कमतरता नाही. सहकारी साखर कारखान्याच्या बळावर वाढलेल्या प्रवरा परिसरात, लोणीला, १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच आवारात दंतवैद्यक, नर्सिंग आणि फिजिओथेरपी आहे. नगरजवळ विळद घाटातही वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीची महाविद्यालयं एकाच संकुलात आहेत. तीन-चार शाखांची मुलं एकाच कँटीनमध्ये वडापाव खातात. या संकुलांतल्या प्राचार्यांनी पुढच्या सत्राची वेळापत्रकं एका टेबलावर ठेवावीत. दोन आठवड्यांची एक ग्रामीण पोस्टिंग सगळ्या शाखांना एकाच वेळी लावावी. त्या पोस्टिंगचे अर्धे गुण त्या गावच्या आशाताईंनी द्यावेत, आणि त्या दोन आठवड्यांचं मानधन त्यांना शिक्षक म्हणून मिळावं.